पागोळीची जागा

अकोला, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १७८५

वामनरावांना खुशालरावचा रामराम.

तुमची बहीण माझ्या घरातून गेली त्याला दहा महिने झाले. चार आठवडे माहेरी राहायचं, अंगात जरा ताकद आली की परत यायचं, असं ठरलं होतं. मी तीनदा दमणी पाठवली. तिन्ही वेळा गाडीवान रिकामी दमणी घेऊन आला आणि वर तुमच्या घरच्या पाहुणचाराचं कौतुक सांगत बसला. म्हणून आता कागद पाठवतोय. आमच्या कापसाच्या गाड्या अमरावतीला निघाल्या आहेत, तिथून कोणी ना कोणी नांदगाव खंडेश्वरला पोचवेल. पत्र तुमच्या नावाने आहे, कारण तिला वाचता येत नाही आणि बायकोच्या नावाने पत्र धाडलं तर लोक हसतील. पण आहे तिच्यासाठी. मोठ्याने वाचा, आणि वाचताना तुमच्या मनाचं काही घालू नका.

नव्या घराचा मागच्या बाजूचा पाया भरून झाला. नकाशा तिने पाहिलेला आहे. कापूस पाहायला आलेल्या साहेबाने त्याच्या बापाच्या घराचं चित्र मला दाखवलं होतं, ते मी त्याच्या मुनशीकडून उतरवून घेतलं. त्यांच्या राणीच्या मुलखात नामांकित घराण्यांची घरं अशी असतात म्हणे. छप्पर इतकं उतरतं की आमचा सूर्यभान मिस्त्री म्हणतो, यावर माकडसुद्धा टिकणार नाही. दर्शनी बाजूला दोन टोकदार शिखरं, त्यांच्या कडेने लाकडाची कोरीव झालर. दिवाणखान्याची खिडकी भिंतीतून पोट काढून बाहेर येते, तिला पाच बाजू आणि पाचही बाजूंना काचा, आत बसल्या बसल्या तिन्ही वाटा दिसाव्यात. माडीवर जायचा जिना घराच्या आतूनच. चौक नाही, अंगण नाही. भिंतीत एक चूल आहे, पण तिच्यावर काही शिजवायचं नसतं, नुसतं समोर बसून पाय शेकायचे. अकोल्यात! सूर्यभानने मला दोनदा विचारलं, ही नक्की करायची का. मी म्हटलं, नकाशात आहे ना, मग करायची.

सध्या हा सगळा मुलूख उभ्या उभ्या जेवतो. समुद्रापलीकडे गोरे आपसात लढताहेत आणि इकडे आमच्या काळ्या मातीतल्या बोंडाला असा भाव आला आहे की कोणाचं डोकं ठिकाणावर नाही. कोणी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या, कोणी लेकीच्या लग्नात आठ दिवस गावाला जेवायला घातलं. मी घर बांधतोय. मलाही एका जागी बसवत नाही. सकाळी पायावर, दुपारी शेतात, संध्याकाळी पुन्हा पायावर. तिने येऊन एकदा तरी म्हणावं की बसा जरा.

इथे आडवी रेघ मारली आहे. इथपर्यंत तिला वाचा. रेघेखालचं तुमच्यापुरतं.

खरं सांगा, ती माझ्याबद्दल काय बोलते? मी नकाशा घरी आणला त्याच्या आठव्या दिवशी ती गेली. तिला घरच आवडलं नाही, असं माझं म्हणणं. चटईवर नकाशा पसरला तेव्हा बराच वेळ पाहून तिने एवढंच विचारलं की याच्या पागोळ्या कुठं पडतात. मी हसलो. म्हटलं, पडतच नाहीत. छपराच्या कडेने लोखंडी पन्हळ, पन्हळीला नळ, नळातून पाणी थेट नालीत, भिंतीशी एक थेंब नाही. तिने नकाशाची घडी घालून ठेवून दिली. यात रागावण्यासारखं काय होतं? तुम्ही भाऊ आहात, तुम्हाला उमगलं तर लिहा.


अकोला, पौष वद्य द्वितीया, शके १७८५

वामनराव, रामराम.

तुमचं चार ओळींचं पत्र मिळालं. तीन ओळी तुमच्या खोकल्याच्या, चौथी तिची. तिचे शब्द जसेच्या तसे उतरवलेत हे बरं केलंत. "त्यायले पुसा, लेकराची जागा कुठं हाय? थे सांगा म्हनावं, मंग येनं न येनं मी सांगीन."

तिला सांगा, जागा जिथे होती तिथेच आहे. जुन्या घराला मी हात लावलेला नाही, नवं घर त्याच्या शेजारी उठतंय. पागोळी पडायची तशीच पडते. उगाच जिवाला घोर लावून घेऊ नये. लोखंडी नळ मुंबईहून निघाले आहेत. आगगाडी जिथवर आली आहे तिथवर आगगाडीने, पुढे गाड्यांवर. रंगीत काचा गवतात बांधून येताहेत. माघात चांगला दिवस पाहून तिने यावं म्हणजे काचांचा रंग तिच्या पसंतीने लावता येईल.

रेघ.

वामनराव, जुनं घर नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी छपरावरचे कवेलू उतरवले आणि आठ दिवसांत भिंती खाली आल्या. सागवानी खांब आणि दगड नव्या घराला हवे होते. जागाही तीच हवी होती, कारण रस्त्याने येणाऱ्याला घर दिसतं ते तिथूनच. मी सध्या गोठ्याशेजारच्या कोठीत राहतो.

आणि दुसरं. मला जागा माहीत नाही. पाचवी पुजायच्या आत गेलेलं लेकरू आपल्यात जाळत नाहीत, मडक्यात घालून घराच्या वळचणीखाली पुरतात. छपराचं पाणी पागोळ्यांनी त्याच्यावर पडत राहिलं की ते त्याच आईच्या पोटी परत येतं, अशी आपली समजूत. माझा यावर विश्वास आहे की नाही ते विचारू नका. तिचा आहे, तेवढं पुरे. पण पुरलं ते तिने आणि तानुबाई सुईणीने. मी तेव्हा अमरावतीला कापसाच्या बाजारात होतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. जुन्या घराला चारी बाजूंनी वळचण होती. मी नेमकं कुठे बोट ठेवू? तुम्ही सहज बोलता बोलता तिच्याकडून काढून घ्या. अंगणाच्या बाजूला की रस्त्याच्या, एवढं कळलं तरी माझं काम होईल. मी विचारलं म्हणून सांगू नका.


अकोला, माघ शुद्ध एकादशी, शके १७८५

वामनराव,

पत्र वाचून आधी संताप आला. मग माझंच मला हसू आलं. तुम्ही रेघेपाशी थांबलात की ती म्हणते, "दादा, कागद अजून उरलेला दिसून राहिला, वाच." आणि तुम्ही वाचता! पहिल्या पत्रापासून वाचता! साळा म्हणून देवाने तुमच्यासारखा सरळ माणूसच का द्यावा मला? जुनं घर पाडल्याचं ऐकून ती उठून गोठ्याकडे गेली, असं तुम्ही लिहिता. मी तिला ओळखतो. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

आता रेघ मारण्यात अर्थ नाही. ती समोर बसून ऐकते आहे असं धरूनच लिहितो.

गेल्या वर्षी निरोप्या मला अमरावतीत गाठायला आला तेव्हा माझ्या गाड्या बाजारात उभ्या होत्या. त्याने सांगितलं, बाळंतपण झालं, लेकरू दुसऱ्याच दिवशी गेलं. मी म्हटलं, बाईमाणूस ठीक आहे ना? तो हो म्हणाला. मग मी कापूस विकायला थांबलो. एक दिवस नाही, पाच दिवस. भाव रोज वर चालला होता आणि मला वाटलं, गेलेलं काही परत येणार नाही, घाईने जाऊन मी काय करणार. सहाव्या दिवशी घरी आलो, बाळंतिणीच्या खोलीच्या दारात उभा राहिलो आणि भाव काय लागला ते सांगितलं. माझं पहिलं बोलणं ते होतं. तिने मान हलवली. त्यानंतर मी तो विषय काढला नाही. जखमेवरची खपली कशाला काढायची, असं मला वाटायचं. अजूनही वाटतं की माझं फार चुकलं असं नाही. पण हल्ली दिवसातून दहादा तो दरवाजा डोळ्यांपुढे येतो, आणि तो तर मी पाडून टाकला आहे.

तानुबाईकडे गेलो होतो. लुगडं घेऊन गेलो. तिने लुगडं ठेवून घेतलं आणि म्हणाली, "थे बायामानसातलं हाय, मालक. मानसाले जागा सांगत नसतात." मी म्हटलं, मी बाप आहे. ती सुपातले दाणे निवडत राहिली. तिच्याकडून काही निघणार नाही.

मग सूर्यभानला खरं सांगितलं. त्याने जी तोड काढली ती साहेबाच्या नकाशात सापडली नसती. म्हणाला, "पन्नास पावसाळे एका रांगेत पानी पडलं हाय, मालक. जमिनीवर बारीक खळगे असतीन, धुतलेली रेती असन. झाडून पाहू." दोन दिवस बाया लावून राडारोडा उचलला, केरसुणीने जमीन झाडली आणि खरंच, मातीत वाटीएवढ्या खळग्यांची ओळ निघाली, खळग्यांत पांढरी रेती. जुन्या घराची पागोळी चारी बाजूंनी जमिनीवर उमटलेली होती. सूर्यभानने खुंट्या ठोकून त्यावरून सुतळी ताणली. मी कडेला उभा राहून पाहिलं तर सुतळीच्या आत माझं सगळं जुनं घर होतं, न्हाणी कुठे, कोठी कुठे, सगळं डोळ्यांना दिसत होतं.

आणि पुढची सबंध सुतळी नव्या दिवाणखान्याच्या मधून, पार खिडकीच्या जागेपर्यंत जाते. नवं घर मोठं आहे ना. तिथे फरशी येणार, फरशीवर गालिचा. पाऊस तिथे कधीच पडणार नाही. हे कळल्यापासून मी त्या सुतळीच्या कडेने फेऱ्या मारतो. सूर्यभानने पुढच्या बाजूचं काम थांबवू का असं विचारलं. मी चालू ठेव म्हटलं. थांबलो तर मला काय करायचं ते सुचणार नाही.

जमुनाला सांगा, जागा सांग. फक्त दिशा सांग.


अकोला, फाल्गुन वद्य तृतीया, शके १७८५

वामनराव, रामराम.

उत्तर नाही. ठीक. होळी झाली. तुमच्याकडे पुरणाच्या पोळ्या झाल्या असतील, मी कोठीत भाकरी खाल्ली. होळीमुळे चार दिवस काम बंद आहे.

होळीमुळे नाही. खोटं लिहिण्याची सवय जात नाही माझी.

पंचमीच्या आत पोट काढलेल्या खिडकीचा पाया खणायचा होता. ती खिडकी म्हणजे त्या घराचं नाक, तिच्यावरच सगळी ऐट. सुतळीच्या अगदी खाली, दीड हातावर, कुदळ मडक्याला लागली. खणणाऱ्याने लगेच हात उचलला आणि खड्ड्याबाहेर येऊन उभा राहिला. मी रस्त्यावर होतो, लोखंडी नळांच्या गाड्या उतरवून घेत होतो. सूर्यभानने येऊन माझ्या कानात सांगितलं.

मी खड्ड्यात उतरलो. लहान मडकं, तोंडावर चपटा दगड, भोवती काळी माती घट्ट बसलेली. कडेला जरासा टवका उडाला होता, कुदळीने. मी हात लावला नाही. खरं म्हणजे मला हात लावता आला नाही. वामनराव, मी दोनशे माणसांवर ओरडणारा माणूस आहे. त्या खड्ड्यात मी खाली मातीत बसलो. मला रडू आलं. पाच-पन्नास मजूर वर उभे होते, सगळ्यांनी पाहिलं. तिला हेही वाचून दाखवा.

तानुबाईला बोलावून घेतलं. ती काठी टेकत आली, कडेवरून खाली वाकून पाहिलं. मी म्हटलं, हेच ना? तिने मडक्यावरून नजर माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, "जसं हाय तसं झाका. हलवू नका." तिच्याच हाताने हळद-कुंकू वाहिलं आणि मीच माती लोटली. फावडं वापरलं नाही.

आता सूर्यभान विचारतो, खिडकीचं काय? साहेबाच्या नकाशात ती खिडकी आहे, आणि मी पहिल्या दिवसापासून सांगत आलो की नकाशात आहे ते सगळं करायचं. मी त्याला दोन दिवसांनी ये म्हटलं आहे.


अकोला, वैशाख शुद्ध नवमी, शके १७८६

वामनराव, रामराम.

झालं. घर झालं. पाडवा गेला, तुमचं उत्तर आलं नाही, लग्नसराईत माणसं मिळत नसतील असं समजतो. पण आता मी उत्तराची वाट पाहत नाही, तिचीच वाट पाहतो.

सविस्तर लिहितो, नीट वाचा. दिवाणखान्याचा पुढचा कोपरा मी आत दुमडून घेतला. खिडकी रद्द. तिच्यासाठी आणलेल्या काचा जिन्याच्या भिंतीला बसवल्या. दोन शिखरांपैकी उजवीकडचं एकच राहिलं. डावीकडे भिंत दहा हात मागे सरते आणि तिथे जमीन उघडी आहे, वर आभाळ. त्या मागे सरलेल्या भिंतीवर साहेबाचं छप्पर नाही. जुन्या घराचे सागवानी वासे कोठीच्या माळ्यावर ठेवले होते, ते आणि जुने कवेलू लावून बरोबर पहिल्या उंचीची, पहिल्या उताराची वळचण केली. बाकी सगळ्या घराला लोखंडी पन्हळ आहे, तिथे नाही. सूर्यभानने ओळंबा सोडून सोडून वळचण पुढेमागे केली, तीनदा उतरवून पुन्हा चढवली. काल वर माणसं बसवून घागरींनी पाणी ओतलं. पागोळी सुतळीवर पडली. मी खाली उभा होतो, पागोटं भिजलं.

घर तिरपं दिसतं हे मी आधीच सांगून टाकतो, नाहीतर ती रस्त्यावरूनच हसेल. सूर्यभान म्हणतो, एका बाजूने पदर ओढून घेतल्यासारखं दिसते. साहेब येऊन गेला. त्याने घोड्यावरूनच पाहिलं आणि मुनशीला काहीतरी म्हणाला. मुनशीने मला सांगितलं, साहेब विचारतात, नकाशाचा अर्धा भाग भिजला होता का? मी म्हटलं, हो म्हणून सांगा. मला वाटलं होतं मला फार लागेल. पण साहेब गेल्यावर मी निवांत जेवलो.

बाकी घर छानच आहे. लाकडी झालर बाळापूरच्या सुतारांनी कोरली, वेल साहेबाची आणि तिच्यात मधेमधे कापसाची बोंडं, ती त्यांनी न विचारता घातली आणि मी राहू दिली. काचांमुळे दुपारी आत भट्टी होते म्हणून वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी मारावं लागतं. पाय शेकायच्या चुलीत मांजरीने पिलं घातली आहेत. मागे स्वयंपाकघर वेगळं बांधलं, तिथे तिला हवी तशी चूल तिने स्वतः घालावी, मी कोणाला हात लावू दिला नाही. माडीवरून मोर्णा नदीचं पात्र दिसतं.

तिने विचारलं होतं, लेकराची जागा कुठे आहे. हे माझं उत्तर. सबंध घर वाकवून दिलेलं उत्तर आहे. आता तिने यावं. अक्षयतृतीया टळली, पण पौर्णिमा चांगली आहे. दमणी पाठवतो. या वेळी गाडीवानाला जेवू घालू नका, तिला बसवून लगेच निघू द्या.


अकोला, ज्येष्ठ शुद्ध चतुर्थी, शके १७८६

जमुना,

आज पत्र तुझ्या नावाने लिहितोय. लोकांना हसू दे. वामनराव, तुम्ही फक्त वाचा.

दमणी परत आली. चौथ्या वेळीही रिकामी, पण गाडीवानाच्या हातात कागद होता. तुझे शब्द दादाने उतरवले आहेत. मी ते इतक्यांदा वाचले की कागद घडीवर फाटला. तू म्हणतेस, "थे मडकं आपलं नोहे. आपल्या लेकराले मी संगं घेऊन आली. निंगायच्या दिवशी सकायीच तानुबाईनं आन मी काढलं, टोपल्यात लुगड्याखाली ठेवलं. थे टोपलं तुमीच उचलून दमनीत ठेवलं व्हतं. आता दादाच्या वळचनीखाली हाय."

दादा खाली लिहितात की त्यांनाही हे त्याच दिवशी कळलं.

पत्र घेऊन मी तसाच तानुबाईकडे गेलो. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. एवढं घर माझ्याकडून वाकवून घेतलं आणि ही बाई तोंडात गुळणी धरून बसली. मी म्हटलं, खड्ड्याशी उभी होतीस तेव्हा काहून नाही सांगितलं? ती म्हणाली, ते मडकंही कोणाचं तरी होतंच की, उघड्यावर कसं टाकू द्यायचं. मग म्हणाली, तुमच्याआधी तुमच्या आईची दोन गेली होती, तिच्या सासूने त्याच वळचणीखाली ठेवली होती. मला माझ्या आईने कधी सांगितलं नाही. मी चाळीस वर्षं त्या पागोळीखालून ये-जा केली, भिजायला नको म्हणून धावत जायचो.

मग मी विचारलं, निदान जमुनाने का नाही सांगितलं? तानुबाईने सूप खाली ठेवलं. म्हणाली, "तुमी जागाच पुसत राह्यले, मालक. लेकराचं कधी काई पुसलं का?"

मी घरी येऊन पायरीवर बसलो. बसलो म्हणजे खरोखर बसलो, संध्याकाळपर्यंत. माणसं येऊन विचारून गेली, कापसाचा भाव घसरतोय म्हणतात, काय करायचं. मी त्यांना परत पाठवलं. त्या टोपल्याचं वजन आठवतं का ते पाहत होतो. मी ते दोन्ही हातांनी उचललं असणार. दमणीत चढवताना तू मधे हात धरला होतास का? जपून ठेवा म्हणाली होतीस का? मला काही आठवत नाही. त्या दिवशी माझ्या डोक्यात नकाशा होता. बापाने लेकराला उचललं ते तेवढंच, आणि त्याला ते ठाऊकही नाही.

घराचं तू मनातून काढून टाक. ये म्हणून मी सांगत नाही. तू तिथे आहेस ते बरोबर आहे, तिथे पागोळी पडते. इथला कोपरा आहे तसाच राहील, त्याला पन्हळ लावणार नाही, ती आता माझ्या आईची जागा आहे. सूर्यभानला तसं सांगून ठेवलं आहे.

मी येतोय. दमणी नाही, घोड्यावर. हे पत्र माझ्या एक दिवस आधी पोचावं म्हणून वेगळा माणूस धाडतोय. तुझ्या दादाच्या अंगणात मला उभं राहू दिलंस तर राहीन, नाही म्हणालीस तर परत फिरेन. पण एक गोष्ट अशी आहे की समोर आल्यावर ती माझ्या तोंडून निघणार नाही. दीड वर्ष निघाली नाही. म्हणून लिहून विचारतो. कोणी मला आपण होऊन सांगितलं नाही, आणि मी निरोप्याला विचारलं नाही, तानुबाईला विचारलं नाही, दारात उभा राहून तुलाही विचारलं नाही.

आपलं लेकरू मुलगा होतं की मुलगी?